पश्चिमेच्या दरवाजातून आई

३ मार्च

सांगून टाकलं आईला! बाखशी लग्न करणार. चव्वेचाळीस वर्षांच्या मुलीने परवानगी मागायची! पण ह्वेसारख्या जुन्या राजधानीत हेच चालतं, आणि बाबा वारल्यापासून आमच्या घरात जरा जास्तच. राजघराण्याचं कुठलंसं लांबचं नातं आहे, आई ते अजून ताटात वाढते.

"करतो काय?"

"राजवाड्याची कौलं बसवतो. दुरुस्तीच्या कामावर आहे."

"मला कळलंय सगळं! त्याचा पणजा राजवाड्यात खोजा होता!"

"मग हा कुठून आला, आई?"

वाटी आपटून उठली.

(बाखला विचारलं. दत्तक मुलाचा वंश, म्हणे. पोट धरधरून हसला.)

४ मार्च

अबोला. कालवणात मिरची दुप्पट.

७ मार्च

आई भेटायला तयार! पण घरी नाही — राजवाड्यात, दरबाराच्या अंगणात. "मागणी घालायची तर रीतीने." रीत अशी — दक्षिणेचा मोठा दरवाजा राजाचा, पूर्वेचा पुरुषांचा, पश्चिमेचा बायकांचा. मी रोज पर्यटकांना घेऊन दक्षिणेकडून आत शिरते ते तिला कायम सलतं. ती पश्चिमेकडूनच येणार. तिथून सध्या फक्त बाहेर पडता येतं! पहारेकऱ्याच्या हातापाया पडले.

१० मार्च

काय दिवस!

आई पश्चिमेकडून आली, ठेवणीतला निळा झगा घालून. बाख पूर्वेकडून, बरोबर त्याचे वडील — तुएकाका. विधुर, पंच्याहत्तरीचे, तुरतुरीत. आई त्यांना आजच पहिल्यांदा भेटली.

अंगणात मानकऱ्यांच्या दर्जाचे दगड अजून उभे आहेत. पहिला दर्जा सिंहासनाजवळ, नववा पार मागे. आईने बाखला नवव्यापाशी उभं केलं. स्वतः पुढे, पायऱ्यांशी. आणि कानाने अधू!

"मला खुएशी लग्न करायचंय!" तो ओरडला.

"काय?"

"लग्न! खुएशी!"

कोरियन पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. मी छत्रीआड.

"दारू पितोस?"

"सणाला!"

"ये पुढे. स्वयंपाक?"

"खुएपेक्षा बरा करतो!"

थेट चौथ्या दर्जावर बढती! (खरं आहे. पण ओरडायलाच हवं होतं?)

तेवढ्यात तुएकाका म्हणाले, "बाई, प्रश्न ठीक आहेत. पण पोराला सेनापतींच्या रांगेत उभं केलंत. कारकुनांची रांग पलीकडे."

संपलं! आईला आजवर कुणी चूक दाखवलेली नाही. ती तरातरा मागच्या जांभळ्या नगरीत, म्हणजे राजा-राणीच्या महालांच्या जागेकडे निघाली, तुएकाका तिच्या मागे. सत्तेचाळीसच्या आगीनंतर तिथे बरंचसं गवतच आहे.

"राजाची कचेरी इथे होती!"

"छे, आणखी पुढे."

"माझी आजी राणीच्या सेवेत होती!"

"आणि माझे आजोबा राजाला जेवण वाढायचे!"

दोघं काठ्यांनी गवतात भिंती आखत बसले. भुरभुर पाऊस. बाख आणि मी झाडाखाली तांदळाच्या वड्या खाल्ल्या. आम्ही कशाला आलोय ते कुणाच्या लक्षात नव्हतं.

११ मार्च

आई आज पुन्हा राजवाड्यात निघाली! "त्या हट्टी म्हाताऱ्याला राणीच्या महालाचं दार दाखवायचंय."

"आई, लग्नाचं काय?"

"कुणाच्या? हां, तुझ्या. कर की."

चप्पल घालून निघून गेली. मी दाराशी उभी राहून रडले. हसू पण येत होतं. बाखला फोन केला तर तो कौलांवर चढलेला — तिथूनच ओरडला. आता अख्ख्या राजवाड्याला ठाऊक!

१९ मार्च

आई आज दक्षिणेच्या दरवाजाने आत गेली. तुएकाकांबरोबर. मला बघून म्हणाली, "पश्चिमेकडून लांब पडतं." हे आज कळलं?

२ एप्रिल

सकाळी तुएकाका दारात. नवं पागोटं, हातात पानसुपारीचं तबक.

"काका, मागणी झाली की! आई हो म्हणाली."

"पोरासाठी नाही आलो," ते तबकाकडे बघत म्हणाले. "या घरात विचारायचं तर तुलाच विचारायला हवं. आई तुझी आहे."