गेणभाऊची भेळ आणि पटेलकाकांचा गुडघा

बोरी बुद्रुक,
सोमवार

तीर्थरूप दादास,

धाकट्या भगवंताचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच घे. गुडघ्यांमुळे प्रत्यक्ष वाकणं बंद झालंय. परवा देवापुढे वाकलो तर जयाला येऊन उठवावं लागलं.) आबा असते तर थोरल्या भावाला ‘तुम्ही’ लिही म्हणून पाठीत धपाटा घातला असता, पण ‘तुम्ही’ लिहिलं की मला ग्रामपंचायतीला अर्ज करतोय असं वाटतं, आणि आजचं काम अर्जापेक्षाही वाईट आहे. तुझी तब्येत ठीक असेल. बडोद्याला ऊन फार आहे असं टीव्हीवर सांगतात. सकाळची बागेतली फेरी चालू असेल. पटेलकाकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं की अजून तेल चोळूनच दिवस काढतायत? वहिनी गेल्यापासून गेली तीन वर्षं तुला तेवढाच एक सोबती, म्हणून मी त्यांची चौकशी घरच्या माणसासारखी करतो. इकडे सर्व खुशाल. (असं पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.)

दर रविवारी फोन होत असताना हे पत्र कशाला, असं तू म्हणशील. दादा, फोनवर मला तुझ्याशी खोटं बोलायची सवय लागली आहे. खरं बोलायचं तर कागदच लागतो. तेव्हा नीट बस, पाणी पी आणि वाच. आळेफाट्याचा गेणभाऊ भेळवाला वारला. वाईट वाटून घे, पण बेताने, कारण त्याला अकरा वर्षं झाली.

आता तू म्हणशील, अरे, परवाच्या रविवारी तर तू म्हणालास, गेणभाऊने माझी आठवण काढली म्हणून. म्हणालो खरं. अकरा वर्षांपूर्वी वहिनी दवाखान्यात होती, अन्नावरची वासना उडाली होती, आणि तू फोन करून म्हणालास की तिला गेणभाऊची भेळ खावीशी वाटतेय, पाठवता येईल का. मी त्याच सकाळी गेणभाऊच्या दहाव्याहून आलो होतो. आजारी माणसाच्या घरी मेल्याची बातमी सांगू नये एवढं मला कळतं. म्हणून म्हणालो, पाठवतो की, त्यात काय. मग जयाने आठवून आठवून घरी शेव पाडली, चटणी वाटली, चुरमुरे भाजले. गेणभाऊ भेळ नेहमी वहीच्या पानात बांधायचा, म्हणून मीही वहीचीच पानं फाडली, वर पांढरा दोरा गुंडाळला आणि पुडी ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिली. (कांदा तेवढा देता आला नाही. तो वाटेतच सडला असता.) वहिनीने चार घास खाल्ले. तू फोनवर रडलास. म्हणालास, भगवंता, तीच चव! आता अशा वेळी कुठला शहाणा माणूस खरं सांगेल?

तेव्हापासून दर महिन्याला पुडी जाते आणि दर वेळी तुझं तेच: ही हाताची कला आहे, घरात कुणाला असलं जमायचं नाही, जयाला म्हणावं वाईट वाटून घेऊ नको. फोन स्पीकरवर असतो, दादा. जया समोर कढईत शेव पाडत असते. पहिली चारपाच वर्षं ती हसायची. आता झारा आपटते.

बरं, माणूस जिवंत ठेवायचा म्हटला की त्याची उस्तवार करावी लागते. तू दर रविवारी विचारणार, गेणभाऊ कसा आहे? मग मी त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. नातवाचं लग्न लावलं. गेल्या पावसाळ्यात तो मोरीत घसरून पडला, तेव्हा तू इतका हळहळलास की पुढच्या रविवारी मला त्याला काठी न घेता चालवावं लागलं. हिशेबाने त्याला आता सत्त्याण्णवावं चालू आहे. जिवंतपणी त्या बिचाऱ्याला कुणी कधी तब्येत विचारली नव्हती.

एक खोटं दुसऱ्याला हाताला धरून आणतं. तू विचारलंस, ज्ञानेश्वरचा गोटी सोडा? म्हणालो, आहे की. तंबूतला सिनेमा? दर जत्रेला येतो. गेणभाऊच्या दारातलं कडुनिंबाचं झाड? त्याची सावली तर आता रस्त्यापर्यंत येते. दादा, रस्ताच झाडापर्यंत आला. झाड गेलं, दुकान गेलं, आणि फाटा एवढा रुंद झालाय की या बाजूने त्या बाजूला जायचं म्हणजे घरच्यांना सांगून निघावं लागतं.

हे असंच चाललं असतं, माझं काही म्हणणं नव्हतं. पण तीन आठवड्यांपूर्वी तू फोन केलास की महिन्याभराने, म्हणजे या येत्या रविवारी, दुपारच्या गाडीने येतोय, बावीस वर्षांत आलो नाही, एकदा सगळं डोळे भरून पाहायचंय. आणि यादी सांगितलीस: गेणभाऊच्या बाकड्यावर बसून कांदा घातलेली भेळ, वर गोटी सोडा, संध्याकाळी भुईवर बसून सिनेमा. मी ‘ये, ये’ म्हणालो आणि फोन ठेवून जो मटकन खाली बसलो, तो अजून म्हणावी तशी उठलेलो नाही.

तरी प्रयत्न केले. अगोदर बाकड्यापासून सुरुवात केली. गेणभाऊचा गोरख आता फाट्यावर मोबाईलच्या काचा बसवतो. त्याच्याकडे गेलो. बाकडं त्याच्या शेळ्यांच्या गोठ्यात निघालं. गोरख भला माणूस. म्हणाला, “न्या की नाना. पण बसायला कोन येनार? लोकं आता हुभ्या हुभ्याच समदं करत्यात.” दोघांनी मिळून बाकडं धुतलं आणि कसं दिसतं बघावं म्हणून त्याच्या दुकानापुढे मांडलं. दहा मिनिटांत त्यावर पाच म्हाताऱ्या येऊन बसल्या, मागे रांग लागली, आणि कुणीतरी हूल उठवली की कसल्याशा योजनेचे अंगठे घेतायत. कुशाबाई तर आधारकार्डाच्या चार झेरॉक्स घेऊन आली. तिला मी सांगितलं की हे नुसतं बसायचं बाकडं आहे, तर ती म्हणाली, “आसं कसं? फुकट बसायला कोन देतंय?” संध्याकाळी गोरखने हात जोडले आणि बाकडं पुन्हा शेळ्यांकडे गेलं.

मग सोडा. ज्ञानेश्वर मुलाकडे चाकणला राहायला गेला आणि त्याचं यंत्र भंगारात गेलं. पण महामार्गावर एक नवं हॉटेल झालंय, तिथे गोटी सोडा मिळतो असं कळलं. गेलो. दारात फायबरची बैलजोडी, फायबरचा शेतकरी, भिंतीवर आपल्या आईच्या हातातलं असावं तसलं जातं टांगलेलं. (टांगलेल्या जात्यावर काय दळतात, देव जाणे.) फेटा बांधलेला पोऱ्या आला. त्याच्याशी मी मराठीत बोललो, तो माझ्याशी हिंदीत बोलला, गाव विचारलं तर ओडिशा. सोडा आणला, गोटीही होती, पण त्यात चव ब्लूबेरी नावाच्या कशाची तरी. मी तो सोडा पीत तिथे बसलो, दादा, आणि मला एकदम रडू आलं. आपलं सगळं होतं तिथे. कंदील, खाट, पितळी तांब्या. फक्त आपण त्यातले नव्हतो. पोऱ्याने विचारलं, “बाबूजी, तीखा लगा क्या?”

राहिला सिनेमा. आपली नात, भरतची श्रेया, आता अवसरीच्या इंजिनिअरिंगला आहे. तिने मैत्रिणीकडून प्रोजेक्टर आणला आणि काल दिवेलागणीला अंगणात पांढरं धोतर बांधून आम्ही रंगीत तालीम घेतली. सतरंजीवर वीसेक माणसं बसली. गर्दीतून कुणीतरी शिट्टीसुद्धा वाजवली, आणि खरं सांगतो, दोन मिनिटं मला वाटलं की जमलं. तेवढ्यात वनखात्याची गाडी थांबली. गार्ड उतरला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, “आजोबा, शेजारी ऊस, वर आंधार, आन बायापोरं भुईवर मांडून ठिवलीत. बिबट्याला पंगत वाढताय व्हय?” पुढच्या मिनिटाला अंगणात मी, धोतर आणि त्या धोतरावर नाचणारी नटी, एवढेच उरलो.

आणि हे सगळं कमी म्हणून घरात संप झालाय. आज सकाळी जयाने कढई पालथी घातली. म्हणाली, “अकरा वर्सं मी गेनभाऊ व्हऊन भेळ केली. भाऊजी येनार, खानार, आन माज्याच तोंडावर मला म्हननार की तुला जमत न्हाई. मंग मी काय करू, टाळ्या वाजवू? एकतर त्यांना खरं सांगा, न्हाईतर गेनभाऊलाच बोलवा.” तिचं काय चुकलं? आयुष्यभर चांगला स्वयंपाक केला आणि कौतुक नेलं मेलेल्या माणसाने.

म्हणून हे लिहिलं. दादा, काही उरलेलं नाही. माझ्या तोंडावर तू रागव, शिव्या दे, मी ऐकून घेईन. पण फाट्यावर उतरून चार दिशांना बघशील आणि तुझं तोंड उतरेल, ते मला बघवणार नाही. वहिनी गेल्यावर तुला एवढंच गाव उरलं होतं, आणि ते मी फोनवर बांधलेलं होतं.

तुझा धाकटा,
भगवंत

ता. क. एवढं लांबण लावलं ते एका वाक्यासाठी, आणि तेच लिहायचं राहिलं. रविवारी येऊ नकोस.

ता. क. दुसरा (मंगळवार). पत्र टाकायला निघालो आणि तुझा फोन आला. तुला सगळं आठवत असेलच, पण मला लिहिल्याशिवाय पटत नाही, म्हणून लिहितो. मी चाचरत म्हणालो, गेणभाऊबद्दल जरा बोलायचंय. तू म्हणालास, तो गेला ते मला पहिल्या पुडीपासून माहीत आहे. पुडीच्या पानावर लिहिलं होतं: ‘श्रेया भरत, इयत्ता तिसरी, माझा आवडता प्राणी.’ (अकरा वर्षं मी दोरासुद्धा गेणभाऊच्याच पद्धतीने बांधला आणि पानाकडे एकदाही पाहिलं नाही!) तू ती सगळी पानं हाताने सरळ करून ठेवलीस. सहावीत तिचं भूमितीत कुठे अडलं हे तुला माहीत आहे, मला नाही. मी विचारलं, मग दर रविवारी त्याची तब्येत का विचारायचास? म्हणालास, मला वाटलं, तुलाच तो जिवंत हवाय. आणि जयाबद्दल तसं बोलायचास ते? म्हणालास, तसं बोललो नसतो तर तुला संशय आला असता. आणि म्हणालास, तिची माफी मी समोर येऊन मागणार आहे, गेणभाऊची भेळ तर कायम खारटच असायची.

मग तू म्हणालास, भगवंता, पटेलकाका पण नाहीत. म्हणजे कधीच नव्हते. वहिनी गेल्यापासून तू बागेत गेलेला नाहीस. दूधवाला सोडला तर बोलायला कुणी नाही. मी काळजी करीन म्हणून तू पटेलकाका काढलेस, मग त्यांना गुडघा दिला, मग तेल चोळलं.

दादा, तीन वर्षं मी त्या गुडघ्यासाठी देवाला नारळ बोलत होतो.

ता. क. तिसरा. रविवारी ये. पटेलकाकांनाही आण. बाकडं मी गोरखकडून कायमचं मागून घेतलंय, ते आपल्या अंगणात आहे, आणि गेणभाऊशेजारी जागा आहे. पत्र आता टाकायला नको होतं, पण तू म्हणालास, लिहिलंयस तर पाठव, त्यातच भेळ बांधून पाठव, म्हणून पाठवतोय. तेलाचे डाग पडलेत तिथे अंदाजाने वाच.

भाऊजी, नमस्कार. पुडीत कांदा नाही. तो इथं येऊनच खायचा. परतीचं तिकीट काढू नका.
आपली,
गेणभाऊ (जया)