सोप्या दिवशीची धाव

१४ मार्च, शुक्रवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मंगळवारीच मिळालं. भाऊजींचा खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं. मी ठणठणीत आहे. मैदानावरचा नळ एकदाचा दुरुस्त झाला, एवढीच इकडची बातमी.

तू लिहितेस, "कार्टीशी मी बोलणं टाकलंय. मावशीचं ऐकलं नाही ना, भोग म्हणावं. पाय बरा झाला तरी धावणं बंद." बाई गं, तुझा राग मला नवा नाही. लहानपणी माझ्याशी आठ-आठ दिवस बोलायची नाहीस. पण भिंगरीशी एवढी कडक होऊ नकोस. मांडीचा स्नायू थोडा फाटलाय, चार महिन्यांत पोर पुन्हा पळेल असं डॉक्टर म्हणालेत.

तिचा सराव तुला मी कधी नीट सांगितलाच नाही. एक दिवस जीव तोडून पळायचं, दुसऱ्या दिवशी सोपं. सोपं म्हणजे गवतावर शंभर-शंभर मीटर, पाऊण जोरही लावायचा नाही, मध्ये चालत यायचं. मग चटईवर पोटापाठीचे, हातांचे व्यायाम एकापाठोपाठ एक. याने दमलेलं अंग सावरतं. आम्ही याला टेम्पो म्हणतो, भिंगरी म्हणते "म्हाताऱ्यांचं पळणं". फेरी संपली की तिने लगेच माझ्याशी बोलायचं हा माझा नियम. धाप लागून अडखळली, की वेग जास्त झाला. पाय दुखावला त्या दिवशी आठ फेऱ्या ती तुझी नक्कल करत होती. हुबेहूब, हो!

आणि निवड समितीचे साहेब आले. न कळवता, नेमके सोप्या दिवशी. दोन फेऱ्या बघून म्हणाले, "एवढंच?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बावीस वर्षं मी पोरांच्या कानीकपाळी ओरडतेय की सोप्या दिवशी सोपंच पळा. तेच त्यांना सांगितलं असतं तर माझं काय बिघडलं असतं?

फोनवर सांगायला तीनदा घेतलं, जीभ रेटली नाही. म्हणून लिहिते.

मी भिंगरीजवळ जाऊन हळूच म्हटलं, "पुढची फेरी जोरात पळ."

ती म्हणाली, "मावशी, कालचे पाय जड आहेत गं."

मी म्हटलं, "माझी लाज राख."

साठ मीटरवर ती मांडी धरून खाली बसली. साहेब म्हणाले, "सोप्या दिवशी एवढी का पळाली?" माझ्या तोंडून गेलं, "ऐकत नाही हो, हट्टी आहे." तुलाही तेच सांगितलं.

भिंगरीने ते ऐकलं होतं. एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. दवाखान्यात मी विचारलं, आईला खरं का सांगितलं नाहीस? म्हणाली, "तू सांगशील ना." त्याला पाच आठवडे झाले, ताई. रोज मी मैदानावर जाते, दुसऱ्यांच्या पोरांना शिस्त शिकवते आणि घरी आले की मला माझीच किळस येते.

तिला दुसऱ्या प्रशिक्षकाकडे घाल, मी हूं की चूं करणार नाही. पण धावणं बंद करू नकोस. बोलणं टाकायचं तर माझ्याशी टाक, वर्षभर टाक. तिच्याशी मात्र आजच बोल. आणि हे पत्र तिच्यासमोर मोठ्याने वाच. मावशी सांगेल म्हणून ती अजून वाट बघत असेल.

तुझ्या लेकीवर खोटा आळ घेणारी,
तुझी धाकटी बहीण