पांढरा खल

१० नोव्हेंबर १९५७
आलो बुवा एकदाचा! मारेगावच्या पुढचं हे खेडं आडवळणी आहे, पण दवाखाना झकास. मागं निंबाचं झाड, समोर कपाशी फुटून शेत पांढरं झालेलं. जबलपूरला जनावरांची डॉक्टरकी शिकताना असल्याच ठिकाणाची स्वप्नं पाहिली होती. काम गुरांच्या बुळकांडी रोगावरच्या लसीचं. इंदू आणि तीन महिन्यांचा बाळ्या सध्या नागपूरला तिच्या माहेरी. घर लागलं की येतील.
मदतीला बळीराम. दवाखाना आणि माझा स्वयंपाक, दोन्ही तोच पाहतो. घरातल्या पाट्याला कुणाच्या तरी जुन्या मटणाचा वास. बळीरामला बजावून ठेवलं, माझं खाणं माझ्या स्वतःच्या भांड्यांखेरीज दुसऱ्या कशालाही लागता कामा नये.

१४ नोव्हेंबर
पहिली लस तयार. विषाणू टोचलेली बकरी तापली की ती कापायची, पानथरी म्हणजे प्लीहा काढायची, मी जबलपूरहून आणलेल्या चिनी मातीच्या पांढऱ्या खलात वाटायची आणि पाण्यात कालवायची. जांभळा, चिकट लगदा. बोटांवरून सुटता सुटत नाही. पण या विषाणूची गंमत वाटते. बकऱ्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या फिरवला, त्याच्यात बदल होत गेले, आणि बैलाला मारायचं तो विसरला. आता उलट बैलाला वाचवतो. एका मासिकात वाचलं, काही विषाणू एका जंतूच्या डीएनएचा तुकडा उचलून दुसऱ्या जंतूत नेऊन बसवतात, मग पहिल्याचे गुण दुसऱ्याला लागतात. जंतूंचं काय ते जंतू जाणोत.
बंजाऱ्यांच्या तांड्यावरचे बैल टोचले. रूपसिंग नाईकांनी आग्रहानं जेवायला बसवलं. ताटात बकऱ्याच्या रक्ताची सळोई! मी सरळ उठून आलो. नाईकांना वाईट वाटलं असेल तर असो. घरी भाकरी आणि बळीरामनं सकाळी वाटलेली जवसाची चटणी खाल्ली. इतकी मऊसूत चटणी आजवर खाल्ली नव्हती. उद्याच्या मोटारीनं इंदूला बरणीभर पाठवतो.

२० नोव्हेंबर
अंगात कसकस. जेवलेलं वर येतं. उलटी नव्हे. घास गोळा होऊन घशाशी चढतो, कोमट, आंबूस, आणि तोंडात येऊन थांबतो. शी! थुंकलो, चुळा भरल्या. पित्त असणार.

२३ नोव्हेंबर
परत. सकाळची भाकरी दुपारी तोंडात. थुंकायला उठलोच नाही. लिहायची घाण वाटते, पण मी ती चावली. गोड लागली.
रूपसिंग नाईक बैल घेऊन आले होते. सळोईचा राग त्यांनी धरलेला नाही. बोलता बोलता थांबले आणि माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाले, “सायेब, मघापासून काय चावून राह्यले तुमी?” त्यांच्यासमोर मी काहीच खाल्लं नव्हतं. ते गेल्यावर आरशात पाहिलं. जबडा वरखाली होत नाही, आडवा फिरतो. याला शब्द आहे. रवंथ.

२४ नोव्हेंबर
बळीरामला विचारलं, चटणी कशात वाटलीस? मोठ्या अभिमानानं म्हणाला, “तुमच्याच पांढऱ्या खलात, सायेब. तुमीच त म्हनलं होतं, दुसऱ्या कायले लागू नये म्हून. चांगला धुवून घेतलता ना!”
धुवून. आदल्या संध्याकाळी त्यातच बकरीची पानथरी — आणि विषाणू पहिल्याचे गुण दुसऱ्याला —
हुकूम माझाच.
आणि ती बरणी! इंदू बाळ्याला अंगावर पाजते. बळीरामला वणीला पिटाळलं, तार कर म्हटलं. चटणी खाऊ नको. बाळाला पाजू नको. इकडे येऊ नको.

२६ नोव्हेंबर
तार पोचायच्या आत इंदू निघाली होती. दारात उभी, हसत. चटणी कधीच संपली म्हणाली, आणखी हवी. माझ्या तोंडात घास होता. भिंतीकडे तोंड करून गिळला. माझीच किळस येते मला.
बाळ्या आताशा रडत नाही म्हणे. पडून असतो, आपल्याशीच तोंड हलवत.
सांगायला हवं तिला. कसं सांगू —

२७ नोव्हेंबर
बाळ्यानं प्यालेलं दूध काढलं. सगळीच बाळं काढतात. सगळीच. मी फडकं घेऊन वाकलो. दूध ओठांपर्यंत आलं — ओघळलं नाही — थांबलं — परत आत. हनुवटी आडवी फिरली. दात नाहीत अजून, तरी — हळूहळू — डोळे मिटून —
इंदूला हाक मारली. ती पाळण्याशी येऊन बसली आहे. कौतुकानं बघते आहे. मघाशी जेवली ती, केव्हाच आटोपलं जेवण, मग तिचं तोंड का —