मुख्य माणसाचे चार टक्के

८ जानेवारी, गुरुवार

सरांनी सगळ्या वर्गासमोर माझा प्रोजेक्ट उघडला आणि बोट ठेवलं ते नेमकं सोळा टक्क्यांच्या दरावर. "आ सोळ टका क्यांथी लाव्या, बेन?" मी म्हटलं, या उद्योगाचा सरासरी दर, वर लहान धंद्याची जोखीम. सर हसले. "अने काले सवारे तमारा काका ज न आवे तो?"

उद्या सकाळी काकाच आले नाहीत तर! वर्ग खिदळला.

ओळखीतला एखादा छोटा धंदा घ्यायचा, शेअर बाजारात नसलेला, आणि पुढच्या कमाईला जोखमीचा दर लावून त्याची आजची किंमत काढायची, असा हा प्रोजेक्ट. मी भास्करकाकांचा घेतला. बाबांचे मोठे भाऊ. गोरव्यात त्यांचा कारखाना आहे, केमिकल कंपन्यांच्या पंपांना लागणारे शाफ्ट बनवतात. किंमत आली दोन कोटी दहा लाख. काय खूश झाले होते मी! आता सर म्हणतात, सगळं एका माणसावर चाललंय आणि त्याची जोखीम तुझ्या दरात कुठेच नाही. जोखीम जास्त तर दर जास्त, दर जास्त तर किंमत कमी — हे तर पहिल्या सेमिस्टरच्या पोरांनाही येतं. एकोणीस तारखेच्या आत दुरुस्त करून द्यायचं आहे.

राग आला. सरांचा नाही, माझाच. ती जोखीम मला माहीत होती. सरांपेक्षा जास्त माहीत होती.

१० जानेवारी, शनिवार

लिहून टाकलं. "मालकांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला असून त्यांच्या प्रकृतीबाबत अनिश्चितता आहे." या एका वाक्याच्या जोरावर चार टक्के वाढवले. सोळाचे वीस. किंमत एक कोटी अडुसष्ट लाखांवर आली.

दिवाळीनंतर आकडे घ्यायला कारखान्यात गेले होते, तेव्हाची गोष्ट. माल बाहेर पडण्याआधी शेवटचं माप काका स्वतः घेतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. त्यांनी मायक्रोमीटर शाफ्टला लावला आणि तो टकटक वाजायला लागला. काकांनी डाव्या हाताने उजवा दाबून धरला. मी बघतेय हे त्यांना कळलं. मग केबिनमध्ये बसवून सांगितलं. डॉक्टर कंपवात म्हणतात, गोळ्या सुरू आहेत. "फक्त अहल्याला कळता कामा नये."

अहल्याकाकूने तिच्या वडिलांचं नऊ वर्षं केलं. हाच आजार. भरवणं, पुसणं, उठवून बसवणं, सगळं. शेवटी शेवटी तर ते तिला ओळखतही नव्हते. "आता कुठे जरा मोकळी झालीये ग ती," काका म्हणाले. "थोडे दिवस जाऊ देत तिचे बरे." मी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

आणि आज ते टाइप केलं. मार्कांसाठी! कारखान्याचं नाव बदललंय, पण वर्गात सगळ्यांना माहीत आहे कुणाचा ते. मी स्वतःच तर मिरवत सांगितलं होतं.

१४ जानेवारी, उत्तरायण

निजामपुऱ्यात काकांच्या गच्चीवर सगळे जमलो. दरवर्षी काका सकाळी सहापासून पतंग घेऊन उभे असतात, कुणाला दोरी देत नाहीत. यंदा फिरकी धरून बसले. डोळे दुखतात म्हणाले.

काकू आल्यागेल्याला सांगत होती, "बघा, म्हातारे झाले आमचे साहेब. पेच घालायला घाबरायला लागले." सगळे हसले. काकाही हसले. मीही हसले, न हसून करते काय.

१९ जानेवारी, सोमवार

वर्गात सगळ्यात जास्त मार्क मला.

सरांनी नेमकं तेच वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. "आने कहेवाय जोखम पकडवुं." जोखीम पकडणं म्हणतात ते याला, म्हणे. शेजारच्या मुलीने हळूच विचारलं, तुझ्या काकांना खरंच काही झालंय का ग? मी म्हटलं, छे, प्रोजेक्टसाठी वाढवून लिहिलंय. किती सहज बोलले मी. स्वतःचीच किळस आली.

घरी पोचते तर काकांचा फोन. बाबांनी बातमी पोचवली होती. "पहिली आलीस म्हणे! मग मला पण दे ने एक कॉपी. बघू तरी काय किंमत आहे आमची."

२० जानेवारी, मंगळवार

काकांना जुनी कॉपी दिली. सोळा टक्क्यांची.

दुसरं काय करणार होते? ते वाक्य त्यांच्या हातात कसं ठेवायचं? त्यांनी शेवटचं पान उघडलं, दोन कोटी दहा लाख पाहिलं, चष्मा काढून पुसला, परत पाहिलं. "एवढे?" म्हणाले. मग माझ्या डोक्यावर टपली मारली. मी चहाही न घेता पळाले.

२५ जानेवारी, रविवार

काकांकडे जेवायला गेलो होतो. जेवताना काकूने बॉम्बच टाकला. काकांच्या शेजारच्या शेडचा रणवीर आहे, त्याने काकांचा कारखाना विकत मागितला. आमच्याच कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी एमबीए झालाय, वडिलांचा धंदा वाढवतोय. एक कोटी सत्तर लाख देत होता. काका नाही म्हणाले.

काकूला काय तो अभिमान! "यांनी सरळ सांगितलं त्याला. आमच्या देवूने हिशेब काढलाय, दोन दहाच्या खाली बोलूच नकोस." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच कारखाना उभा केलाय. काकांनी मला श्रीखंड वाढलं. डाव्या हाताने. कुणाच्या लक्षात आलं नाही.

एक सत्तर! माझा खरा आकडा एक अडुसष्ट. म्हणजे रणवीर दोन लाख जास्तच देत होता. असा भाव काकांना पुन्हा मिळायचा नाही. वर्षभरात हात सगळ्या गोरव्याला दिसेल, मग कोण येईल विचारायला? पुढे औषधं आहेत, माणूस ठेवावा लागेल, काकूने एकटीने किती करायचं? आणि त्यांनी नकार दिला तो माझ्या भरवशावर. खोटा आकडा त्यांच्या हातात मी ठेवला, तोंड चुकवायला. आजारपण त्यांचं, भित्री मी.

२६ जानेवारी

आई विचारते, तोंड का पाडून बसलीस. परीक्षा, म्हटलं.

२९ जानेवारी, गुरुवार

कॉलेजात रणवीर भेटला. जुन्या विद्यार्थ्यांचा काहीतरी कार्यक्रम होता. "काय ग, काकांना काय पढवून ठेवलंस? दोन दहा कुठून काढलेस?" चिडला नव्हता. मुलगा चांगला आहे, काकांना मानतो. म्हणाला, लहानपणी शाळेतून आलो की त्यांच्या लेथपाशी बसून राहायचो.

मी म्हटलं, ती जुनी कॉपी होती, त्यात चूक होती. नवी पाठवते. तू पुन्हा एकदा जाऊन विचार, काका ऐकतील.

घरी येऊन पाठवली. आधी ते वाक्य काढलं. "हात", "कंप", "प्रकृती" — एकेक शब्द शोधून पुसला. परत परत वाचून पाहिलं. खालच्या तक्त्यात तेवढं राहिलं, मुख्य माणसाची जोखीम: चार टक्के. ते काढलं तर वीस जुळत नाहीत. राहू दे. नुसत्या आकड्यातून कुणाला काय कळणार?

बऱ्याच दिवसांनी नीट जेवले आज.

१ फेब्रुवारी, रविवार

नाहीच राहवलं. रणवीरला परस्पर पाठवून मी काकांच्या समोर जायचं टाळत होते, दुसरं काय. रविवारी कारखाना बंद असतो, काका एकटेच मशीनचं तेलपाणी करायला जातात. तिथे गेले. दोन्ही कॉपी त्यांच्यापुढे ठेवल्या. बोलायच्या आधीच रडायला आलं.

काका स्टुलावर बसून सावकाश वाचत गेले. त्या वाक्यापाशी थांबले. मला वाटलं, आता एक कानाखाली बसणार. बसली असती तर बरं वाटलं असतं.

"चार?" म्हणाले. "कमी धरलेस. मी आठ धरले असते."

मग म्हणाले, "पहिल्या कॉपीत माझा पत्ताच नव्हता. तेव्हाच समजलो. पोरीला मला दुखवायचं नाहीये."

मी म्हटलं, मग रणवीरला नाही का म्हणालात?

"त्याची अट होती ग. पुढची तीन वर्षं मी रोज यायचं, माप घ्यायचं, त्याच्या पोरांना तयार करायचं. एक सत्तर तो मशीनचे थोडेच देत होता? माझे देत होता. हो म्हटलं असतं तर त्याला फसवलं असतं. खरं सांगितलं असतं तर त्याच्या आईकडून संध्याकाळपर्यंत अहल्याच्या कानावर. अडकलो होतो. तुझा आकडा कामाला आला बघ. किमतीवरून फिसकटलं की पुढे कुणी विचारत नाही."

म्हणजे माझ्यामुळे काही बुडालंच नव्हतं! इतके दिवस मी उगीच स्वतःला खात बसले. काका म्हणाले, कारखाना वर्षभराने विकू, मशीनचे येतील तेवढे येतील, आम्हा दोघांना पुरतंय. "अहल्याला मीच सांगणार. उन्हाळ्यात तिला महाबळेश्वरला न्यायचंय, किती वर्षं म्हणतेय. तिकडून आलो की सांगतो. माझ्या तोंडून कळू दे तिला."

मग चहा मागवला. त्यांचा कप अर्धाच भरून दिला मी. त्यांनी पाहिलं आणि कप डाव्या हाताने उचलला.

रणवीरला नवी कॉपी पाठवल्याचं सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, नाहीच सांगितलं. बऱ्याच दिवसांनी काका असे निवांत बोलत होते. आणि वाक्य तर मी काढलंय ना. घरी आल्यावर रणवीरला मेसेज केला: काकांकडे जाऊ नकोस, विषय संपला, त्यांना आता त्रास नको. रात्री त्याचं उत्तर आलं, "समजलो."

२ फेब्रुवारी, सोमवार

छान झोप लागली. सकाळचं लेक्चर बुडालं, तरी काही वाटलं नाही!

५ फेब्रुवारी, गुरुवार

आत्ता काकूचा फोन येऊन गेला. रणवीर आणि त्याची आई घरी येऊन गेले. काका अजून कारखान्यातच होते. सफरचंदं, मोसंबी आणि सहा शहाळी आणली होती. रणवीर मान खाली घालून बसला होता म्हणे, आणि निघताना त्याच्या आईने काकूचे दोन्ही हात धरले.

"देवू," काकू म्हणाली, "हे फोन उचलत नाहीयेत. तू तरी सांग, कोण आजारी आहे आमच्याकडे?"