वडिलांच्या नावाचा रकाना

४ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. मावशीने मागची खोली दिली आहे. खोली म्हणजे शिवणयंत्र, दोन ट्रंका आणि उरलेल्या जागेत मी. पाय लांब केले की दार उघडत नाही. काका म्हणतात, त्यामुळे चोराची भीती नाही.

दोन ठिकाणी अर्ज दिले. स्टोअरकीपर म्हणून आठ वर्षं काढली म्हटलं की माणसं खूश होतात, मग लग्नाचं काय ठरलंय ते विचारतात. बाटल्यांची झाकणं करणाऱ्या कारखान्यात चांगली जागा आहे. आपला काचकारखाना बंद पडल्यावर तिथली बरीच माणसं इकडे आली आहेत. चिठ्ठी घेऊन नोकरी मागणार नाही असं मी घरी मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते. तो तोरा आता ट्रंकेत ठेवला आहे. तुम्ही एकतीस वर्षं तिथे हेडक्लार्क होतात. ओळखीच्या कुणाला दोन ओळी लिहिता आल्या तर बघा.

आईला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची,
ठकी


११ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि लगेच टाक धुऊन बसलो. चार पत्रं लिहिली. झाकणांच्या कारखान्यात आपला भट्टीवरचा मुकादम आता सुपरवायझर आहे. माझ्या हाताखालून गेलेला माणूस. दुसरीकडे आपला टाइमकीपर आहे. माझं नाव निघालं की तुला आधी खुर्ची मिळेल, मग प्रश्न विचारतील. कारखान्याची शेवटची वर्षं वाईट गेली, पण माझ्याकडे कुणी बोट दाखवलेलं नाही.

मुलाखतीत पाठ ताठ ठेव. तू बसतेस ती ओल्या पोत्यासारखी. आई म्हणते, जेवत जा, आणि मावशीच्या यंत्राला हात लावू नकोस.

पुढच्या महिन्यात नाही तर सप्टेंबरात आम्ही दोघं तुझी खोली बघायला येतो. तोवर आमची आठवण ताजी असू दे.

तुझे,
बाबा


२ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

झाकणांच्या कारखान्यात माझी परीक्षा झाली होती. भांडारात तीन आकारांची झाकणं एकाच खोक्यात मिसळली होती आणि साठा जुळत नव्हता. मी अर्ध्या तासात घोळ शोधून दिला. साहेबांनी सोमवारपासून या म्हणून सांगितलं. मधे तुमचं पत्र मुकादमांना मिळालं.

सोमवारी ते मला अंगणात घेऊन गेले. खुर्ची वगैरे काही नाही. म्हणाले, शेवटच्या कपातीच्या यादीत त्यांच्या धाकट्या भावाचं नाव होतं. त्याच्या बायकोला आठवा महिना होता. नोकरी गेली तर जाऊ दे, बाळंतपण होईपर्यंत कारखान्याची खोली तेवढी राहू द्या, एवढंच मागायला तो तीनदा तुमच्या टेबलाशी आला. तुम्ही मान वर न करता त्याला नोटीस वाचायला सांगितलंत. तीन दिवसांत खोली सोडावी लागली. ती कुणाच्या तरी पडवीत बाळंत झाली. मूल राहिलं नाही.

मुकादम माझ्यावर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. माझा तुझ्यावर राग नाही, पण रोज तुझ्याकडे बघून ते टेबल मला आठवायला नको, असं म्हणाले. फाटकापर्यंत सोडायलाही आले.

टाइमकीपरांनी तुमचं पाकीट न फोडताच माझ्या हातात परत दिलं.

बाबा, हे खरं आहे का? आणि कृपा करून आता कुणाला लिहू नका.

ठकी


९ जुलै

चि. ठकीस,
आशीर्वाद.

तू मला जाब विचारावास इतकी मोठी झालीस, बरं झालं. यादी मी केली नव्हती. वरून आली ती मी सुवाच्य लिहिली आणि खाली सही केली, कारण सही करणं हे माझं काम होतं. एकाला खोली ठेवली असती तर दुसऱ्या दिवशी दोनशे माणसं दारात उभी राहिली असती, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या घरी काही ना काही अडचण होतीच. त्या टेबलावर बसून मी तुला शिकवलं. तेव्हा तुला टेबल टोचलं नाही.

मुकादमाला सांग, भाऊ तीनदा आला नव्हता. दोनदा आला होता.

बाबा


१५ जुलै

चि. ठकीस,
आईचे आशीर्वाद.

हे बाहेर गेलेत तेवढ्यात लिहिते आहे. तुझं पत्र आल्यापासून माळ्यावरचे जुने कागद काढून बसतात. परवा जेवताना एकदम मुकादमाच्या भावाचं, त्या पोराचं नाव घेतलं, आणि मग भात तसाच ठेवून उठले.

मला ठाऊक होतं गं. सहा वर्षं झाली, भाजीच्या दुकानात मी गेले की बायका आपल्या पिशव्या उचलून बाजूला होतात. यांना लोक रस्त्यात टाळतात तेव्हा हे म्हणतात, त्याची नजर अधू झाली वाटतं. मी हो म्हणते. दुसरं काय म्हणू? घरात एक माणूस तरी स्वतःला चांगला समजत होता.

तू चुकलीस असं मी म्हणत नाही. तेही चुकले नाहीत असं म्हणत नाही. तू नोकरी मिळव. कशीही मिळव. परत इथे येऊ नकोस.

आई


२० ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

नोकरी लागली. औषधांचं गोदाम आहे. कोरडं, स्वच्छ, खोक्यांवर तारखा लावायच्या, जुना माल आधी बाहेर काढायचा. काम मला येतं. कायम होईन असं वाटतं.

दुसरी गोष्ट लिहिताना हात अडतो, पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मी सांगते. अर्जात वडिलांच्या नावाचा रकाना होता. आपलं आडनाव या शहरात गल्लोगल्ली आहे, त्याची भीती नव्हती. पण अर्ज घेणारा कारकून आपल्याकडचा निघाला, बोलण्यावरून कळलं. मी रकाना रिकामा सोडला. त्याने विचारलं. मी म्हणाले, वडील नाहीत.

त्याने मला पाणी आणून दिलं. आता सगळे माझ्याशी जरा जास्तच चांगले वागतात.

सप्टेंबरात तुम्ही दोघं येणार होतात. गोदामातली निम्मी माणसं याच गल्लीत राहतात, तो कारकूनही. आईला एकटीला पाठवा.

रागवा माझ्यावर. पण लिहा.

ठकी


२७ ऑगस्ट

चि. ठकीस,
आशीर्वाद.

नोकरीची बातमी आईला वाचून दाखवली. पहिल्या परिच्छेदापर्यंत. पुढे खोलीतल्या उकाड्याबद्दल लिहिलं आहे असं सांगितलं.

मी त्या पोराकडे जाऊन आलो. दोन तासांवरच्या गावात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. आता पोर कसला, केस पांढरे झालेत. त्याने मला ओळखलं नाही. काय बिघडलंय म्हणून विचारलं. मला सांगता येईना. त्याने बसायला स्टूल दिलं, मी थोडा वेळ बसलो आणि परत आलो.

आईला शनिवारच्या पहिल्या गाडीत बसवून देतो. तिच्याकडे जड पिशवी आहे, उतरवून घ्यायला ये.

अर्जात सांगितलंस ते आता बदलायला जाऊ नकोस. एकदा झालेल्या नोंदीत फेरफार केला की वरिष्ठांना शंका येते. कायम होईपर्यंत तर अजिबात नको, आणि झाल्यावर बदलायचं कारण उरणार नाही.

टपाल वाटताना माणसं उलटसुलट करून बघतात, म्हणून पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव घातलेलं नाही. इथून पुढे घालणार नाही. अक्षरावरून तुला कळेलच.