यादीतला दोनशे चौदावा

१४ जुलै २०२५, सोमवार. मालवण

आलो एकदाचा! करूळ घाटाची वळणं संपता संपेनात, तळेऱ्याला चहा पोटात गेल्यावर जिवात जीव आला. कंपनीने पहिल्यांदाच मला एकट्याला पाठवलंय, त्यामुळे कॉलर ताठ आहे. काम मासळी गोठवण्याच्या कारखान्यात. एक ऑगस्टला बोटी समुद्रात जातील, त्याआधी इथले सतरा संगणक कुलूपबंद करून द्यायचेत. गेल्या वर्षी कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरला, शीतगृहाच्या तापमानाच्या नोंदी गेल्या आणि परदेशी गिऱ्हाइकाने अख्खा कंटेनर परत पाठवला. मॅनेजर सिद्धेश परब अजून त्या आठवणीने घाम पुसतात.

मी त्यांना समजावलं, की साधा अँटिव्हायरस नको असलेल्यांची यादी ठेवतो. माझं सॉफ्टवेअर हव्या असलेल्यांची ठेवतं. यादीत असेल तोच प्रोग्राम चालणार. ज्याचं नावही अजून कुणाला ठाऊक नाही असा व्हायरससुद्धा दारातच अडकणार. परब म्हणाले, म्हणजे आमंत्रण असेल त्यालाच पान. उद्या कंपनीच्या कॉलवर ही उपमा मी माझीच म्हणून खपवणार आहे.

माझं टेबल कंट्रोल रूममध्ये, दत्तारामकाकांच्या शेजारी. मासळी गोठवायला लागणारा अमोनियाचा प्लँट बावीस वर्षं तेच सांभाळतात. वालावलहून रोज स्कूटरने येतात. मी नवा म्हणून सुगंधाकाकींनी आज डब्यात जादा बांगडा दिला होता. काटे काढता काढता माझी जी तारांबळ उडाली, ती बघून काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

१८ जुलै, शुक्रवार

सध्या आठवडाभर सॉफ्टवेअर नुसतं बघत बसलंय. या सात दिवसांत संगणकावर जे जे चालेल, ते घरचंच समजून ते यादीत घेणार. मग कुलूप.

वैताग एकच, भोंगा. अमोनिया गळला तर वाजायचा, पण दमट हवेने दिवसातून चारदा उगाच बोंबलतो. आज ऐन कॉलवर बोंबलला आणि आमचे साहेब म्हणाले, सुदेश, गिरणीत नोकरी धरलीस का? सगळे फिदीफिदी हसले. मला झोंबलं. कॉल संपल्यावर मी पाच ओळींचा एक प्रोग्राम लिहिला. एकदा टिचकी मारली की भोंगा दहा मिनिटं मुका. नाव ठेवलं ‘भोंगाबंद’.

काकांना ते मुळीच आवडलं नाही. म्हणाले, “भोंग्याक गप करू नको रे. तो खोटो बोंबललो तरी बोंबलांदे.” मी म्हटलं, तुमचीच पायपीट वाचेल काका. खरं तर ती सोय माझी होती. भोंगा ज्यावरून चालतो तो कंट्रोल रूमचा संगणक कायम काकांच्याच नावाने उघडलेला असतो, त्यामुळे मला वेगळी परवानगीही लागली नाही.

२१ जुलै, सोमवार

कुलूप लागलं! सॉफ्टवेअरने दोनशे चौदा प्रोग्राम समोर मांडले आणि विचारलं, एकेक तपासणार का? नियम तपासण्याचा आहे. पण परबांच्या घरी वडे-सागोतीचा बेत होता आणि तीनदा फोन येऊन गेला होता. ‘सर्व मंजूर’ दाबलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार. नारळी पौर्णिमा

आज सॉफ्टवेअरने खरंच करून दाखवलं. बर्फवाल्याच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि जागच्या जागी अडला. परबांनी माझी पाठ थोपटली. कुरकुरही आहेच म्हणा. प्रिंटरची नवी आवृत्ती आली तीसुद्धा अडली, बिलं खोळंबली आणि दिवसभर सगळे माझ्या नावाने शंख करत होते. प्रत्येक नव्या गोष्टीला माझी मंजुरी लागते, म्हणून कंपनीने मला इथेच ठेवलंय. खरं सांगायचं तर हे मला आवडायला लागलंय.

१९ ऑगस्ट, मंगळवार

काका गेले.

तीन वाजून दहा मिनिटांनी मी कॉलवर होतो. भोंगा वाजला. काका कुठे आहेत ते मी बघितलं नाही, पडद्यावरचा अमोनियाचा आकडाही बघितला नाही. टिचकी मारली. ते मागे कंप्रेसरच्या खोलीत झडप आवळत होते. भोंगा वाजत राहिला असता तर बाहेर पळायला त्यांना दोन मिनिटं पुरली असती. कॉल संपला तेव्हा आकडा लाल झाला होता. हॉस्पिटलच्या वाटेवरच संपलं सगळं.

मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

चौकशीला माणसं आली. सॉफ्टवेअरचा अहवाल मीच काढून दिला. एकही अनधिकृत प्रोग्राम चाललेला नाही, सुरक्षा चोख. आणि खाली नोंद: भोंगाबंद, ३ः१०, वापरकर्ता दत्ताराम, मंजूर. ही यादी तू कोण एवढंच विचारते, काय करायला आलास ते विचारत नाही. परब हळूच म्हणाले, आवाजाला कंटाळून काकांनीच बंद केला असणार, मग आत गेले असणार. सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान डोलावली.

३१ ऑगस्ट, रविवार. वालावल

काकांचं तेरावं. सुतक, म्हणून घरात गणपती नाही. काकींनी मला बाजूला घेतलं. “ह्येंनी आपल्याच हातान भोंगो बंद केल्यानी, असा सगळे म्हणतत. तुका ठावक आसा. खरा सांग माका.”

मी म्हटलं, नोंद तशीच आहे काकी.

त्यांनी पदर तोंडाला लावला. वर मला जेवू घालून पाठवलं. मी नीच माणूस आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार

भोंगाबंद यादीतून काढून टाकला. यादीत दोनशे तेरा. काकांचं खातंही पुसलं.

३ सप्टेंबर, बुधवार

यादीत दोनशे चौदा. रात्रीत कुणी मंजुरी दिली? नोंदीत माझंच नाव आहे. पुन्हा काढला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

पुन्हा दोनशे चौदा.

आज आईला फोनवर सगळं सांगायचं ठरवलं. तोंड उघडलं, पण आवाजच नाही. घसा दुखत नाही, ओठ हलतात, आवाज तेवढा गेला. आई हॅलो हॅलो करून थकली. बरोब्बर दहा मिनिटांनी परत आला. संध्याकाळच्या साडेसहाला फोन लावला होता. आता नोंद उघडली तर — भोंगाबंद, ६ः३०, वापरकर्ता दत्ताराम, मंजूर. ते खातं मी पुसलंय.

९ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी अकराला परबांकडे गेलो, सांगायला. आवाज गेला. नोंद — ११ः०४.

बाकी सगळं बोलता येतं. चहा मागता येतो, शिव्या देता येतात. ती एक गोष्ट सोडून.

कागदावर लिहून द्यायचं ठरवलं होतं. लिहिलंही. मग फाडलं. ते सॉफ्टवेअरने नाही फाडलं, मीच फाडलं. घाबरलो.

१५ सप्टेंबर, सोमवार

काकांच्या जागी म्हणून काकींना घेतलंय. पॅकिंग हॉलमध्ये. माझ्यासमोर काच, काचेपलीकडे त्या. डोक्याला जाळीची टोपी. माझ्याकडे बघून हसल्या. दुपारच्या सुट्टीत म्हणाल्या, डब्यात मासे आणलेत.

कंप्रेसरची खोली त्यांच्या पाठीमागच्याच भिंतीला.

१७ सप्टेंबर, बुधवार

वालावलला जाऊन काकींचे पाय धरणार होतो. अर्ध्या वाटेवर परत फिरलो. आवाज शाबूत असूनही. उद्या नक्की.

१८ सप्टेंबर, गुरुवार. दुपार

३ः१०. पडद्यावर भोंगाबंद. मी हात लावलेला नाही.

आकडा चढतोय. नामंजूर दाबतोय, काहीच होत नाही —

ओरडलो. आवाज नाही. फोन लावला, परबांनी उचलला, मला बोलता येईना, त्यांनी ठेवला. हॉलच्या दाराला कार्ड लावलं. लाल दिवा. यादीत नाही म्हणे. माझं कार्ड!

काच जाड आहे. आत यंत्रं चालू, बाकीचे चहाला गेलेले, काकी एकट्याच. बुक्क्या मारतोय —

हाताशी ही वही आहे. मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून काचेला लावलं. काकी, बाहेर पळा, गॅस गळतोय.

वाचलं त्यांनी. नाकापुढे हात हलवून हसल्या, वास नेहमीचाच म्हणून. मग वर भोंग्याकडे बोट दाखवलं. वाजूक नाय ना, अशी मान हलवली. भोंगा वाजत नाही म्हणून त्या निर्धास्त —

आकडा लाल.

फक्त एकच सांगितलं तर त्या पळतील. आता फाडणार नाही. लिहितोय, हात जड —

काकी, भोंग्यावर विसंबू नका. त्या दिवशीही तो काकांनी नाही, मी ब