गप बसलेला गुडघा

चिंचणी, शनिवार दुपार

प्रिय आये,

दारात मांडव पडला आहे, टेपवर गाणी लागली आहेत. उद्या तुझ्या नातीची, सुमनची हळद. आणि मी या खोलीतून त्या खोलीत नुसती लंगडत फिरते आहे. बायकांनी कामातून हाकललं, म्हणून कागद घेऊन बसले. तू आता नाहीस, तरी हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

माझाही उजवा गुडघा गेला गं. तू केलंस तेच मी केलं ना! मासळीची पाटी घेऊन टेम्पोनं बोईसरला उतरायचं, सालवडच्या चाळींत दारोदार फिरायचं, प्रत्येक दारात उकिडवं बसून मासळी कापून द्यायची. गुडघ्यानं तरी किती सोसावं?

बोईसरच्या डॉक्टरांनी तुझ्या गुडघ्यात बधिर करायचं इंजेक्शन दिलं, तेव्हा बजावलं होतं, पाटी उचलू नका. तू तिथून थेट मासळी घ्यायला गेलीस. दुखत नाही म्हणजे बरं झालं, एवढंच तुला कळायचं. मग मासळी जास्त आली की तू टोचून यायचीस, आणि वर सोबतच्या काकूची पाटीही स्वतःच्या डोक्यावर घ्यायचीस.

माझ्या हळदीच्या सकाळीही टोचून आलीस. काय नाचलीस! मी म्हटलं, "आये, बस आता." तू म्हणालीस, "गुडगा गप हाय आज, नाचू दे मना." दुसऱ्या दिवशी पाठवणीला मी वळून पाहिलं, तर तू दारात नव्हतीस. आत सुजलेला गुडघा धरून पडली होतीस. पाटी तुझ्या डोक्यावर पुन्हा चढली नाही. मला त्या दिवसाचा राग अजून येतो.

परवा मी पालघरला डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हटलं, हळदीपुरता गुडघा बधिर करून द्या. त्या म्हणाल्या, "विचार करून ठरवा, मग या. पण दुखणं थांबलं म्हणजे गुडघा बरा झाला असं नाही. हाडांच्या टोकांवर कूर्चेची गादी असते, ती झिजली की पुन्हा भरत नाही. हे औषध पुन्हापुन्हा आत गेलं तर त्या गादीलाही सोसत नसावं, अशी शंका आहे."

मग तुझा गुडघा कशानं गेला? पाटीनं, नाचानं की औषधानं? त्यांनाही सांगता येईना. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. कुणावर चिडू?

तरी उद्या सकाळी पालघरला टोचून यायला रिक्षा सांगून ठेवली होती. सुमन सारखी विचारते, "आये, तू नाचशील ना?" खरं सांगू? मला फार नाचायचं आहे. तुला त्या दिवशी कसं वाटलं असेल, ते आता कळतं.

पण मागे वळून पाहिलं तेव्हाचं ते रिकामं दार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. म्हणून मघाशी रिक्षावाल्याला नको म्हणून निरोप धाडला. उद्या मी दुखऱ्या गुडघ्यानंच नाचेन. सुमननं "बस" म्हटलं की बसेन. आणि परवा पाठवणीला ती वळून पाहील तेव्हा मी दारात उभी असेन, हा माझा तुला शब्द.

तुझ्यावर रागावलेली, तुझ्यासारखीच,
कमळी